हंबीररावाचा पायगुण

उंब्रज, दसऱ्यानंतरचा सोमवार, १९७४

जिनपालशेठ मगदूम, सांगली, यांना चंद्राबाईचं सांगणं.

पाकिटावर उंब्रज वाचून फाडायला हात उचलला असंल तर जरा थांबा. मी माफी मागत न्हाई आणि तुमाला मागायला लावत न्हाई. मी लालासाहेबाची आजी. मागल्या माघात तुमी आमच्या दारात उभं राहून बोलायचं ते बोलला आणि पाणी न घेता गेला, तवा चुलीपुढं भाकरी थापत बसलेली म्हातारी ती मीच. तुमच्या बोलण्यात माझी एक भाकरी करपली. बाकी नुकसान काही न्हाई.

अक्षर माझंच हाय. गावात साक्षरतेचा वर्ग निघाला तवा नातवंडं झालेल्या बायका पाटी घेऊन बसल्या, त्यात मी होते. काना-मात्रा चुकली तर चालवून घ्या. दुसऱ्याकडनं लिहून घेतलं असतं तर तुमच्या आधी गावानं वाचलं असतं.

मिलिटरीतनं सुटून तुमच्याकडं ड्रायव्हर असताना माझ्या नातवानं तुमची लेक आणली, हे तुमी कुणाला सांगत नसाल. मी पण सांगत सुटत न्हाई. आता त्याच्याकडं मिलिटरीच्या लिलावातली एक जुनी जीप हाय. ती घ्यायला उसाचे पैसे लागले, आणि उसाचे पैसे माझा धाकटा मुलगा हंबीरराव याच्या हातात. म्हणून जीप लालाची असली तरी शब्द त्याच्या चुलत्याचा.

इथल्या साखर कारखान्याच्या शेती खात्याला हंगामभर एक जीप भाड्यानं पायजे. वसुबारसेला त्यांचा साहेब येणार, स्वतः बसून बघणार. चालली तर काम लालाचं. वाटेत मेली तर हंबीरराव ती भंगारवाल्याला घालणार आणि लालाला तुमच्या सांगलीजवळ कुपवाडला एका कारखान्यात रखवालदार म्हणून चिकटवणार. तसं बोलणं झालंय. म्हणजे तुमची राजमती तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर भाड्याच्या खोलीत राहणार, आणि बाजारात तुमी समोर आला की पदर पुढं ओढणार. ती म्हणते, "आजी, मी कुठंबी राहीन, पण हरून सांगलीला जाणार न्हाई." म्हणून हे काम तुमचंबी हाय.

जीपची खोड अशी. दारात एका फटक्यात चालू होते. कोस-दीड कोस गेली की खोकते, आचके देते आणि मरते. मग कितीबी हँडल मारा, उठत न्हाई. मनात आलं की कवातरी उठते.

दसऱ्याला झेंडूच्या माळा घालून, गावची चार पोरं मागं कोंबून, सोनं लुटायला शिवेवर नेली. लाला चालवायला, बाजूला राजमती, नवी सून म्हणून. शिवेच्या अलीकडं मेली. सगळं गाव आपट्याची पानं हातात घेऊन बघत उभं. लाला हँडल मारून घामाघूम. तेवढ्यात मागनं हंबीरराव आला. पेट्रोल कुठं उडवलंस म्हणून त्यानं टाकीत तुरकाठी घालून बघितली, लालाला शिव्या दिल्या, बोनेटवर हात ठेवला आणि म्हणाला, "मार आता." मारलं, चालू. हे पहिल्यांदा न्हाई. लय वेळा झालंय. हंबीरराव आला की जीप उठते, आणि सून बसली की मरते.

पुढचं तुमाला कळलंच असंल. पाणवठ्यावर पायगुण निघाला. हंबीरराव देवमाणूस झाला आणि तुमची लेक पांढऱ्या पायाची. मी ह्या घरात आले त्या सालात म्हैस मेली, तर मलाबी तेच म्हणायचे. म्हणणाऱ्या सगळ्यांना मी पोचवून आले. पण मी कुणाच्या वतीनं भांडत न्हाई. ज्याचं त्यानं निस्तरावं.

कराडचा गुंडा मिस्त्री म्हणतो, पेट्रोलचा पंप गेलाय, नवा टाका. हंबीरराव म्हणतो, ह्या खटाऱ्यापायी खिळासुद्धा विकत आणायचा न्हाई. तुमच्याकडं मोटारी हायत, जाणता माणूस असंल. एक दिवस पाठवा. नसंल पाठवायचा तर राहू द्या, मी दुसऱ्यांदा मागत न्हाई.

चंद्राबाई

ती खुशाल हाय. विचारलं न्हाई तरी सांगते.


उंब्रज, कोजागिरीनंतर चार दिवसांनी

जिनपालशेठ,

तुमचा माणूस आला न्हाई. बरं झालं. आला असता तर मला जे बघायला मिळालं ते मिळालं नसतं.

तुमच्या लेकीनं पदर खोचला आणि जीपचा ताबा घेतला. लाला म्हणाला, "तुला ह्यातलं काय कळतं गं?" ती म्हणाली, "काही न्हाई. म्हणूनच एकेक बघणार. तुमाला सगळं कळतं, म्हणून तुमी नुसतं हँडल मारता." लाला म्हणाला, मिलिटरीत असं करत न्हाईत. ती म्हणाली, "मग मिलिटरीनं लिलावात का काढली?" मी घरात जाऊन हसले, समोर हसायची सवय न्हाई.

मला म्हणाली, "आजी, तांदूळ निवडताना आपण चांगला दाणा बाजूला सारत जातो. शेवटी हाताखाली खडा उरतो. तसंच करायचं. खर्च कशाला येतोय?" आणि ओट्यावर बसून निवडावं तशी जीप निवडायला बसली.

पहिल्यांदा बॅटरी. दिवे लावले, भोंगा वाजवला. भोंग्यानं माझी अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी उठली. बॅटरी चांगली, बाजूला सारली. मग ठिणगी. प्लगची वायर काढून लोखंडाजवळ धरली, लालाला हँडल मारायला लावलं. निळी ठिणगी तडतडली. तीपण चांगली. नुसतं बघून म्हणत न्हाई हां, लालाला परत परत करायला लावते आणि मग म्हणते, "झालं, हे सुटलं."

मग पेट्रोल. शेठ, तुमच्या घरातनं निघताना तिनं दागिना आणला न्हाई, पाणी गाळायचं दुपदरी फडकं आणलं. आमच्या घरात अजून ती स्वतःचं पाणी गाळूनच पिते, दिवे लागायच्या आत जेवते. कुणी बोट ठेवलं तर भांडत न्हाई आणि सोडतबी न्हाई. त्या फडक्याचं अर्धं फाडून तिनं टाकीतलं सगळं पेट्रोल गाळलं. हंबीरराव ओसरीवरनं म्हणाला, "आता पेट्रोललाबी सोवळं का?" ही म्हणाली, "मामंजी, पाण्यात जीव असतो म्हणून गाळते. पेट्रोलात गंज असतो म्हणून." खरंच चिमूटभर गंज निघाला. तिनं तो सगळ्यांना दाखवला. मला वाटलं, सापडलं. तिला तसं वाटलं न्हाई. "एवढ्यानं मरणार न्हाई," म्हणाली. पेट्रोल परत टाकीत ओतून लालाला फिरवून आणायला लावलं. जीप ओढ्यापाशी मेली.

मग गुंडा मिस्त्रीचा पंप. लालानं पंपापुढची नळी सोडवली, खाली तांब्या धरला आणि हँडल मारलं. पेट्रोल धारेनं आलं. गुंडा म्हणाला होता, पंप तापला की वाफ धरतो. तर तिनं पंपाला ओलं फडकं गुंडाळलं, वाटेत दोनदा भिजवायला लावलं. पंप गार राहिला, जीप मेलीच. गुंडाला बोलावून सगळं सांगितलं. तो भला माणूस हाय, डोकं खाजवून म्हणाला, "वहिनी, मग मला कळत न्हाई." असं म्हणणारा मिस्त्री मी पहिल्यांदा बघितला.

निवडून निवडून सूप रिकामं झालं आणि खडा न्हाई. लालानं चाकाला लाथ मारली, म्हणाला, विकून टाकू. त्याचा पाय आधीच लढाईत अधू झालेला, आणि लाथ त्याच पायानं मारली. बसला धरून. हंबीररावानं भंगारवाल्याला निरोप धाडला. बायका म्हणायला लागल्या, सगळं तपासलं, मग उरलं काय? पायगुणच ना?

मला वाटलं आता ही रडेल. मला रडणारी माणसं सोसत न्हाईत, म्हणून मी तिथनं उठत होते. तर ही म्हणाली, "बरोबर हाय त्यांचं. पायगुण तपासायचा राहिला. तोबी निवडून बघू."

जिनपालशेठ, हे पोर तुमी वाढवलंय. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी एवढा कागद खर्च केला नसता.

चंद्राबाई


उंब्रज, वसुबारसेच्या आदल्या दिवशी

जिनपालशेठ,

हळदीच्या ट्रकवाल्यानं आमच्या दारात एक पुडकं टाकलं. कुणाचं विचारलं तर म्हणाला, सांगितलं न्हाई. पोत्याच्या कापडात शिवलेलं, आत नवा पंप. चिठ्ठी न्हाई. राजमतीनं टाक्यावर बोट फिरवलं आणि कुणी शिवलंय ते तिला कळलं. थोडा वेळ मांडीवर घेऊन बसली. मी तिच्याकडं बघितलं न्हाई, चूल फुंकत होते.

लाला म्हणाला, बसवून टाकू. ही म्हणाली, "पंप चांगला हाय हे मी डोळ्यानं बघितलंय. चांगलं काढून नवं कशाला घालायचं? लागत न्हाई ते घेऊ नये, असं आमच्या आप्पांनीच शिकवलंय." परत शिवलं आणि त्याच ट्रकवाल्याकडं दिलं. तुमाला मिळालं असंल. राग धरू नका. तिनं परत दिलं ते तुमच्याच शिकवणीनं दिलं, हे समजायला तुमाला दोन दिवस लागतील, घ्या.

आता पायगुणाचं ऐका.

पहिल्यांदा तिनं स्वतःचा पाय तपासला. आपण घरात बसली, लालाला एकट्याला पाठवलं. जीप मेली. पाणवठ्यावर म्हणाले, घरात हाय ना ती, मग मरणारच. म्हणजे त्यांच्या हिशेबानं तिनं विहिरीत उडी टाकली तरच जीप चालणार.

मग ती हंबीररावाकडं गेली. "मामंजी, तुमचा पायगुण चांगला. उद्या तुमी पुढं बसा. फक्त एक करायचं. काही झालं तरी खाली उतरायचं न्हाई, हात मांडीवर ठेवायचे. नुसता पाय असू द्या." हंबीररावाला यात काही वावगं दिसलं न्हाई. सकाळी ठेवणीतला पटका बांधून आला. मागं मी आणि राजमती. मला कुणी बोलावलं नव्हतं, मी जाऊन बसले.

ओढ्याच्या अलीकडं जीप खोकली आणि मेली. पुढं हंबीरराव पटका बांधून बसलेला, आणि मेली. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. लालानं हँडल मारलं. न्हाई. हंबीरराव बसल्या बसल्या बोनेटकडं हात करून म्हणाला, "मार आता." मारलं. न्हाई. उसाच्या बैलगाड्या कडेनं चालल्या होत्या, गाडीवान विचारायचे, "काय मालक, तुमी असताना?" हंबीरराव मांडीवर हात ठेवून ऐकत होता. लाला पाय चोळत धोंड्यावर बसला. शेवटी हंबीररावाच्या अंगाची आग झाली. "ह्या कार्ट्यानं पेट्रोलच भरलं नसंल," म्हणून त्यानं खाली उडी टाकली, टाकीचं झाकण काढलं, तुरकाठी घातली, बघितली, झाकण आपटलं.

राजमती लालाला म्हणाली, "मारा आता."

चालू.

हंबीररावानं छाती फुगवली. ही खाली उतरून त्याच्यासमोर गेली.

"मामंजी, आता उतरून काय काय केलंत?"

"काय केलं? काठी घातली."

"त्याच्या आधी?"

"झाकण काढलं. बंद झाकणातनं काठी जाती व्हय?"

"काढताना आवाज आला?"

"फुस्स झालं. रोजच होतंय की."

रोजच होतंय. माझ्या पोटच्या पोरानं किती दिवस ते फुस्स ऐकलं आणि कुणाला सांगितलं न्हाई, कारण कुणी विचारलं न्हाई. राजमतीनं डोळे मिटले. मग मला म्हणाली, "आजी, गोड्या तेलाच्या डब्याला किती भोकं पाडता?" मी म्हटलं, दोन. एकानं तेल येत न्हाई, दुसऱ्यातनं हवा आत जावी लागते. ती म्हणाली, "ह्या टाकीचं दुसरं भोक बुजलंय. पेट्रोल जातं, हवा येत न्हाई. थोड्या वेळानं टाकी आतनं ओढून धरते, पंप बिचारा किती ओढणार? मामंजी झाकण काढतात, टाकी श्वास घेते आणि जीप उठते. घरी आपण पेट्रोल गाळायला, मोजायला सारखं झाकण काढत होतो, म्हणून घरी कवाच मेली न्हाई. मी बसले की झाकण कुणी काढत न्हाई. यांना पेट्रोल किती ते माहीत असतं."

जिनपालशेठ, मी जन्मभर तेलाच्या डब्याला दोन भोकं पाडत आले. ते डोकं जीपच्या टाकीपाशी नेणं मला सुचलं न्हाई, लालाला न्हाई, गुंडाला न्हाई. तिला सुचलं, आणि कसं सुचलं तर पायगुणाला हसून सोडून दिलं न्हाई म्हणून. हसली असती तर काठीपर्यंत कवा पोचली असती?

झाकण बघितलं. मूळचं झाकण हरवलं होतं, लोहारानं बनवून दिलेल्यावर हवेसाठी बोटाएवढी वाकडी नळी हाय. पावसाळाभर जीप रिकाम्या टाकीनं छपरात पडली होती, तवा कुंभारीण माशीनं त्या नळीत मातीचं घर घातलं. तोंड लिंपून बंद. गुळगुळीत, कुंभारालाबी येणार न्हाई असं.

हंबीरराव तार घेऊन आला. आता इथं तुमच्या लेकीनं मला घाम फोडला. तिनं झाकणावर तळवा ठेवला. म्हणाली, "आत अळी हाय. मोडायचं न्हाई."

"परवा साहेब यायचा हाय," हंबीरराव म्हणाला, "आणि तू माशीचं बाळंतपण काढ."

"असल्या पेट्रोलच्या वासात मेली असंल गं," मी म्हणाले.

"मेली असंल तर तिची ती. मी मारली असं नको."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. एवढं सगळं करून एका किड्यापायी संसार पणाला लावायचा? मी लालाकडं बघितलं, आता हा तरी बोलंल म्हणून. लाला घरात गेला, डालड्याचा रिकामा डबा आणि कात्री घेऊन आला. पत्रा कापला, टाकीच्या तोंडावर बेतला, खिळ्यानं भोक पाडलं, वरनं धूळ जाऊ नये म्हणून तिच्या गाळण्याचा तुकडा बांधला. जुनं झाकण तिनं नळीसकट छपराच्या वाशावर ठेवलं. खिळा घरातलाच, विकत आणला न्हाई, हे हंबीररावाला दाखवून झालं.

काल लाला आणि ती चाफळपर्यंत जाऊन आले. वाटेत कुठं मेली न्हाई. मी विचारलं, मग एवढा वेळ का लागला? दोघं एकमेकांकडं बघायला लागले. म्हातारीनं विचारू नये ते विचारलं.

उद्या साहेब.

चंद्राबाई


उंब्रज, भाऊबीज झाल्यावर

जिनपालशेठ,

साहेब जाड होता. त्याच्याबरोबर त्याचा शिपाई, तोबी बारीक नव्हता. लालानं त्यांना चाफळच्या चढानं नेलं, उसाच्या फडातनं बांधाबांधानं फिरवलं. साहेबानं मधेच तंबाखू मळायला थांबवलं, मुद्दाम, मला लाला सांगत होता. परत एका फटक्यात चालू. हंगामाचं काम लालाला मिळालं. भंगारवाला आला होता, त्याला चहा पाजून वाटेला लावला.

हंबीरराव आता बाजारात सांगतो की जीपची खोड त्यानं काढली. "झाकण मीच काढत होतो ना?" म्हणतो. खोटं म्हणता येत न्हाई. राजमती ऐकते आणि मान हलवते. मी तिला म्हटलं, तू बोलत का न्हाईस? ती म्हणाली, "जीप चालतेय ना आजी." पाणवठ्यावरच्या बायकांची जीभ वळली ती अशी की आता बंद पडलेला स्टो आणि शिवणाचं मशीन घेऊन आमच्या ओट्यावर येतात. ही एकेक बाजूला सारत बसते. कुणी पायाचं नाव काढत न्हाई.

कुपवाडचं बारगळलं. म्हणजे तुमच्या बाजारात तुमाला ती पदर ओढलेली दिसणार न्हाई. तेवढ्याचसाठी मी पहिलं पत्र लिहिलं होतं. ते काम झालं, आणि मी आता लिहायचं थांबवणार होते.

पण पाडव्याला आमी तिघं जीपमधनं कराडच्या बाजूनं येत होतो. मी मागं, ती पुढं. उंब्रजच्या स्टँडसमोर चहाच्या गाड्यापाशी एक माणूस उभा होता. काळी टोपी, बगलेत छत्री, आभाळ असं निरभ्र. हातातला चहा तसाच. जीप पुढं गेली तशी त्याची मान जीपबरोबर वळली. आमी पेट्रोल भरून माघारी फिरलो, तरी तो तिथंच, चहा तसाच. मग सांगलीची एस.टी. लागली आणि तो चढला.

माझे डोळे पाटी वाचायला कमी पडतात, माणूस ओळखायला न्हाई. दारात उभा राहून बोललेला माणूस मी विसरत न्हाई. तिनं बघितलं का ते मला माहीत न्हाई. बघितलं असंल तर मला सांगितलं न्हाई, आणि त्या दिवशी जेवताना ती माझ्याशी जास्त बोलली, एवढंच सांगते.

शेठ, सांगलीहून एवढं लांब येऊन आपली लेक एस.टी.च्या आडनं बघायची, ह्याला मी काय म्हणू? बघितलंत तर नीट बघायचं. ती जाड झाली न्हाई, वाळली न्हाई, दोन्ही हात कोपरापर्यंत काळे असतात आणि ऐटीत पुढं बसते. माझ्या सुना, लेकी, नातसुना मिळून पोरी लय बघितल्या. अशी एक बघितली. मी कुणाचं कौतुक केलेलं घरात कुणाला आठवत न्हाई, म्हणून हे तुमाला लिहून देते. तिला वाचून दाखवू नका.

पुन्हा याल तर बाजाराच्या दिवशी या. त्या दिवशी कारखान्याचं काम नसतं, दोघं बाजारकऱ्यांना सोडत फिरतात. छत्री बगलेत ठेवून उभं राहू नका. रस्त्यावर या आणि हात करा, चार माणसं करतात तसा. जीप आता थांबवली तरच थांबते.

चंद्राबाई